आठ बोअर आणि एक तक्ता

आपण कवितेची समीक्षा करतो, कादंबरीची करतो, हल्ली वेबसिरीजची तर एपिसोडगणिक करतो. वैज्ञानिक निबंधाची मात्र करत नाही. त्याला फक्त ‘सोपं करून सांगतो’, म्हणजे मूळ निबंध बाजूला ठेवतो आणि त्याचा निष्कर्ष तेवढा पुढे सरकवतो. माझी याबद्दल तक्रार आहे. अशाने निष्कर्ष हातात पडतो, पण तो का मानायचा हे हातात पडत नाही. मग घरच्या ग्रुपवर एखादे काका विचारतात, ‘ही कोट्यवधी वर्षं मोजायला तेव्हा कोण बसलं होतं?’ आणि आपल्याकडे ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ एवढंच उत्तर उरतं. ‘पोथीत लिहिलंय’ या उत्तराचा बांधा याहून फार वेगळा नसतो.

म्हणून एक निबंध आणि विशेषतः त्यातला एक तक्ता एखादी कथा वाचावी तसा वाचून बघायचाय. निबंध मे १९७० मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात आला. शीर्षक अगदीच कोरडं: ‘डीप सी ड्रिलिंग इन द साउथ अटलांटिक’. लेखक आठ, पहिलं नाव आर्थर मॅक्सवेल यांचं. समुद्राचा तळ पसरतो आणि खंड सरकतात, या कल्पनेच्या बाजूने जे सगळ्यात ठोस पुरावे मिळाले त्यांत याची गणना होते. पुरावा देणारे साक्षीदार होते वाळूच्या कणाएवढे आणि त्याहूनही लहान शिंपले.

आधी डाव काय होता ते बघू. अटलांटिक महासागराच्या मधोमध उत्तर-दक्षिण अशी पाण्याखालची डोंगररांग आहे. १९६० च्या दशकातला दावा असा होता की या रांगेच्या माथ्यावर फट आहे, तिथून लाव्हा वर येतो, थिजून बेसाल्ट होतो, आणि मग तो बेसाल्ट दोन्ही बाजूंना हळूहळू सरकत जातो. हे खरं असेल तर माथ्याजवळचा तळ कोवळा आणि आफ्रिका किंवा ब्राझीलच्या दिशेने जाल तसा जुना हवा. याच्या बाजूने एक भक्कम गोष्ट होती, ती म्हणजे तळावरचे चुंबकीय पट्टे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं आणि थिजताना बेसाल्ट त्या-त्या वेळची दिशा धरून ठेवतो.

गोम अशी की पट्टे मोजता येतात, पण पट्ट्यांवर तारखा लिहिलेल्या नसतात. जमिनीवरच्या लाव्हांच्या किरणोत्सारी मापनातून क्षेत्र कधी-कधी उलटलं हे ठाऊक होतं, पण ते साधारण मागच्या ३५ लाख वर्षांपुरतं. १९६८ साली जेम्स हर्ट्झलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडस केलं. दक्षिण अटलांटिकचा तळ एकाच वेगाने पसरत आलाय असं गृहीत धरलं आणि त्या ३५ लाख वर्षांच्या मापावरून जवळपास ८ कोटी वर्षांपर्यंतची कालपट्टी ओढून काढली. म्हणजे मागच्या दोन आठवड्यांच्या ट्रॅफिकवरून मागच्या वर्षभराचा आलेख काढण्यासारखं. माझ्या ऑफिसात कुणी असं केलं तर रिव्ह्यूमध्ये त्याचं काय होईल ते मी सांगत नाही. पण त्यांनी गृहीतक लपवलं नव्हतं, आणि आकडे छापून मोकळे झाले होते. आता ते कुणीतरी तपासायला हवे होते, आणि चुंबकाला न विचारता तपासायला हवे होते.

ते काम ‘ग्लोमार चॅलेंजर’ या जहाजाने केलं. डिसेंबर १९६८ मध्ये ते डाकारहून निघालं आणि जानेवारी १९६९ मध्ये रिओ दि जानेरोला पोचलं. खोल समुद्र वेधन प्रकल्पाची ही तिसरी सफर. बहुतेक ठिकाणी तीन-चार किलोमीटर पाणी, त्याखाली गाळ, गाळाखाली बेसाल्ट. पाण्यातून पाइप सोडायचा, गाळाला बोअर मारायची, बेसाल्ट लागेपर्यंत जायचं आणि बेसाल्टला टेकलेला अगदी तळचा गाळ वर आणायचा. तो गाळ केव्हाचा, हे त्यातले सूक्ष्म जीवाश्म सांगणार.

‘जीवाश्म’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डायनासोरचा सांगाडा येतो. इथे तसलं काही नाही. समुद्राच्या वरच्या थरात फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव तरंगतात. त्यांचं कवच चुन्याचं. त्याहून कितीतरी लहान शैवालं असतात, त्यांच्या अंगावर चुन्याच्या चकत्या, कोकोलिथ. एकेक चकती मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी. हे जीव मरतात, त्यांची कवचं खाली पडत राहतात, थरावर थर बसतो. काळाच्या ओघात काही जाती नव्या येतात, काही कायमच्या जातात. कोणती जात कुठल्या थरात पहिल्यांदा दिसते आणि कुठे शेवटची, याची जगभरच्या थरांतून जुळवलेली यादी असते. तिच्यावरून काळाचे पट्टे, म्हणजे ‘झोन’ पाडतात. काडीच्या टोकावर चिमूटभर गाळ घ्यायचा, काचेवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, वाळवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात बघायचा. काळ्या पार्श्वभूमीवर कोकोलिथ उजळतात आणि प्रत्येकावर एक क्रॉस दिसतो. ओळखणाऱ्याला एवढं पुरतं. प्रयोगशाळेला पार्सल पाठवून महिनोन्‌महिने वाट बघायला नको; गाळ जहाजावर आल्यावर थोड्याच वेळात झोन कळू शकतो.

इथे एक बारकावा आहे, आणि सोप्या गोष्टींत नेमका तोच गळतो. जीवाश्म वर्षं सांगत नाहीत, क्रम सांगतात. अमुक थर तमुक जातीच्या नामशेष होण्याआधीचा, एवढंच. गिटमधल्या कमिटच्या यादीतून तारखा पुसून टाकल्या तर जे उरेल तसं: कुठलं कशाआधी हे पक्कं, पण केव्हा ते नाही. वर्षाचा आकडा दुसरीकडून आणावा लागतो. त्याच झोनचा गाळ जमिनीवर कुठेतरी ज्वालामुखीच्या राखेला किंवा लाव्हाला खेटून सापडतो, त्या राखेचं किरणोत्सारी वय काढतात आणि ते झोनला चिकटवतात. म्हणजे ‘हा गाळ ४ कोटी वर्षांपूर्वीचा’ या एका वाक्यात दोन वेगळ्या माणसांची दोन वेगळी कामं शिवलेली असतात. पण शिवण दिसते म्हणून कापड कच्चं ठरत नाही. उलट, या साखळीत समुद्रतळाच्या पट्ट्यांचा संबंध कुठेच येत नाही, आणि तपासणीला नेमकं तेच हवं होतं.

फसण्याच्या जागाही सांगतो. बोअर मारताना वरचा कोवळा गाळ ढासळून खालच्या नमुन्यात मिसळतो. मग एखादी जात ती जिथे नव्हतीच तिथे, खाली दिसते. त्यामुळे एखादी जात पहिल्यांदा कुठे उगवली यापेक्षा शेवटची कुठे दिसली यावर बोअरमध्ये जास्त भरवसा ठेवतात. उलटंही घडतं. समुद्रातले प्रवाह आणि दरडी जुना गाळ उकरून नव्या थरात टाकतात. त्यात भर म्हणजे खोल पाण्यात चुना विरघळतो. एका खोलीखाली कवचं उरतच नाहीत, नुसती तांबडी माती. इथे मात्र एक गोष्ट पथ्यावर पडली. माथ्याजवळ जन्मलेला कोवळा तळ उंचावर असतो, सरकत जाताना थंड होतो आणि खाली बसतो. म्हणजे बेसाल्टवर पडलेला पहिला गाळ कवचं टिकतील अशा उथळ जागी पडलेला असतो. नेमका हवा तोच थर वाचनीय निघतो.

आता तक्ता. आठ ओळी. प्रत्येक ओळीत बोअरचा क्रमांक, चुंबकीय पट्ट्यावरून काढलेलं तळाचं वय, बेसाल्टवरच्या गाळाचं जीवाश्मांवरून काढलेलं वय आणि डोंगररांगेच्या माथ्यापासूनचं अंतर. ओळी अंतरानुसार लावल्या आहेत, त्यामुळे पहिल्या स्तंभातले क्रमांक विस्कटलेले: १६, १५, १८, १७, १४, १९, २०, २१. १६ क्रमांकाची बोअर माथ्यापासून २२१ किलोमीटरवर, तिचा तळचा गाळ १ कोटी १० लाख वर्षांचा. २० क्रमांकाची १,३०३ किलोमीटरवर, ६ कोटी ७० लाखांची. मधल्या सगळ्या याच चालीत. अंतराला वयाने भागा, वर्षाला सुमारे २ सेंटीमीटर येतात. पुढे हा तक्ता अनेक ठिकाणी आलेखाच्या रूपात छापला गेला, ठिपके आणि ठिपक्यांतून जाणारी सरळ रेघ. बहुतेकांनी बघितलेला असतो तो आलेखच.

मला आलेखापेक्षा तक्ता आवडतो, कारण तक्ता दुसऱ्या स्तंभावर सॉर्ट करता येतो. ओळी बोअरच्या क्रमांकानुसार लावून बघा. क्रमांक म्हणजे जहाजाने बोअर मारल्या तो क्रम. १४: ४ कोटी. १५: २ कोटी ४० लाख. १६: १ कोटी १० लाख. जहाज पश्चिमेकडून माथ्याकडे येतंय आणि तळ कोवळा होत चाललाय. मग ते माथा ओलांडून आफ्रिकेच्या बाजूला जातं. १७: ३ कोटी ३० लाख. तिथून परत माथ्याच्या दिशेने वळतं. १८: २ कोटी ६० लाख. मग पुन्हा माथा ओलांडून पश्चिमेला, आधीच्या बोअरांच्या पलीकडे, ब्राझीलकडे. १९: ४ कोटी ९० लाख. २०: ६ कोटी ७० लाख.

निबंधात ही गोष्ट अशी सांगितलेली नाही. तिथे क्रियापदं कर्मणी आहेत, आवाज एकसुरी आहे, कुणाला काही वाटल्याची नोंद नाही. पण तक्त्यात प्रवास आहे. आकडे उतरतात, चढतात, उतरतात, पुन्हा चढतात, आणि प्रत्येक वळण जहाज जिथे वळलं तिथेच येतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्याला नुसता ‘पुढे जुनं लागणार’ असा अंदाज बांधून चाललं नसतं. पूर्वेकडच्या दोन बोअर पश्चिमेकडच्यांच्या मधोमध, अंतराप्रमाणे बसतात, हा मला या निबंधातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. त्यावर निबंधात एकही विशेषण नाही, आणि तेच बरं आहे.

आक्षेप घ्यायला जागा आहे का? आहे. गाळाचं वय म्हणजे बेसाल्टचं वय नव्हे. बेसाल्ट थिजला आणि त्यावर लाखो वर्षं गाळ साचलाच नाही, किंवा साचून वाहून गेला, असं होऊ शकतं. किंवा तळ म्हणून जो बेसाल्ट लागला तो नंतर गाळात घुसलेला लाव्हा असू शकतो. एका बोअरबद्दल हे आक्षेप बिनतोड आहेत. पण सात बोअरांत पडलेली सात खिंडारं अंतराच्या प्रमाणात मोजून पडली असतील, असं मानायला वेगळीच श्रद्धा लागते. तक्त्याचं बळ एकेका आकड्यात नसून ओळींच्या आपसातल्या नात्यात आहे. सोप्या गोष्टीत मात्र ‘जीवाश्मांनी वय सांगितलं’ असं येतं, जणू एका शिंपल्याने उठून साक्ष दिली.

दोन स्तंभ एकमेकांशी नीट जुळत नाहीत, हेही आलेखात दिसत नाही. १९ क्रमांकाला चुंबकीय वय ५ कोटी ३० लाख, जीवाश्मांचं ४ कोटी ९० लाख, कमी-जास्त १० लाख. २० क्रमांकाला चुंबकीय ७ कोटी ते ७ कोटी २० लाख, जीवाश्मांचं ६ कोटी ७० लाख. फरक चुकीच्या मर्यादेबाहेरचा आहे. तो लेखकांनी गोल करून झाकला नाही, शेजारी-शेजारी छापला. पुढच्या दशकांत चुंबकीय कालपट्टी अनेकदा दुरुस्त झाली. या दोन्ही जागांचे पट्टे आज पूर्वीपेक्षा तरुण धरतात: १९ क्रमांकाचा ४ कोटी ७० लाखांच्या आसपास, २० क्रमांकाचा ६ कोटी ७० लाखांच्या. म्हणजे दुरुस्ती शिंपल्यांच्या दिशेने सरकली. प्रत्येक ओळीत असं झालं असं मी म्हणत नाही. जीवाश्मांच्या झोनना चिकटवलेली वर्षंही मधल्या काळात बदललीच आहेत. पण वीसेक पट लांब ओढलेली रेघ इतक्या थोडक्यात चुकावी आणि किती चुकली हे दुसऱ्या, संबंध नसलेल्या घड्याळाने दाखवावं, यात ‘सिद्ध झालं’ या दोन शब्दांत मावेल त्यापेक्षा जास्त काही आहे.

या सफरीवर केनेथ श्यू होते. चीनमध्ये जन्मलेले, झुरिचमध्ये शिकवणारे गाळखडकांचे अभ्यासक, आणि तळ पसरतो या कल्पनेबद्दल तेव्हा साशंक. निबंधाच्या आठ लेखकांत त्यांचं नाव आहे. पुढे त्यांनी ‘चॅलेंजर ॲट सी’ हे पुस्तक लिहिलं (इंग्रजी आवृत्ती १९९२). साशंक माणूस जहाजावर चढतो आणि पुराव्यापुढे मत बदलून उतरतो, ही त्यातली तिसऱ्या सफरीची गोष्ट. पुस्तक चांगलंच आहे. शास्त्रज्ञ हरण्याबद्दल इतकं मोकळं सहसा लिहीत नाहीत, आणि निबंधातून गाळलेली माणसं इथे परत येतात.

तरी माझी तक्रार उरतेच, आणि ती श्यूंपेक्षा त्यांच्या गोष्टीच्या पुढच्या आवृत्त्यांबद्दल आहे. मतपरिवर्तनाची गोष्ट फार लवकर कीर्तनातल्या आख्यानासारखी होते: नास्तिक आला, साक्षात्कार झाला, हात जोडले. साक्षात्कार एका क्षणात होतो. इथे मात्र झोनची यादी बनवणारे, राखेची वयं काढणारे, पट्टे मोजणारे आणि शेवटी नळीतला चिखल काडीने उचलणारे, असे कितीतरी लोक वर्षानुवर्षं एकमेकांना न विचारता काम करत होते. त्यांत त्सुनेमासा साइतो, स्टीफन पर्सिव्हल आणि डीन मिलो हे जहाजावरचे जीवाश्म ओळखणारे. ‘तळ पसरतो’च्या गोष्टीत वेगनर येतात, हॅरी हेस येतात, जहाजही येतं, ही तीन नावं मला मूळ निबंधाबाहेर फार कमी वेळा भेटली. सिस्टीम चालू राहावी म्हणून रात्री लॉग वाचणाऱ्याचं नाव लाँचच्या पोस्टमध्ये नसतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मला हे जरा जास्त टोचत असेल. असो.

हीच रीत आपल्या किनाऱ्यासमोरही वापरली गेली आहे, आणि तिथे ती किती बेशिस्त माल हाताळते ते दिसतं. २०१५ मध्ये ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजाने अरबी समुद्रात, भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरवर लक्ष्मी खोऱ्यात बोअर मारल्या. सफर कोलंबोहून निघून मुंबईला संपली. दोन प्रमुखांपैकी एक होते धनंजय पांडे, गोव्यात वास्को इथल्या ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राचे. त्या खोऱ्याचा तळ सागरी की खंडाचाच ताणलेला तुकडा, हा वाद जुना. एका बोअरला हजार मीटरहून जास्त गाळ भेदल्यावर बेसाल्ट लागला. त्याला टेकलेला गाळ सूक्ष्म जीवाश्मांवरून सुमारे ६ कोटी २० लाख वर्षांचा निघाला, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या कातळाहून थोडाच अलीकडचा.

पण त्या जुन्या गाळाचा थर पातळ आहे आणि त्याच्या डोक्यावर थेट एका प्रचंड दरडीचा माल बसलाय, जी सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी समुद्रात कोसळली. संशोधकांनी तिला नटराजाचं नाव दिलंय. मधली ५ कोटी वर्षं त्या बोअरमधून गायब. दरडीच्या मालात निरनिराळ्या काळांतले जुने जीवाश्म कालवलेले आहेत, त्यामुळे नुसता एक शिंपला उचलून वय सांगायला गेलात तर सपशेल फसाल. अटलांटिकचा तक्ता सरळ आला, कारण तिथे गाळ शांतपणे पडत राहिला होता. लक्ष्मी खोऱ्यात तळाचं वय ‘निदान एवढं तरी’ या स्वरूपातच मिळतं, आणि तळ कसा बनला याचा वाद केवळ त्या आकड्याने मिटत नाही. माझ्या मते अटलांटिकसोबत हे उदाहरण शिकवायला हवं. नाहीतर विद्यार्थ्याला वाटतं, बोअर मारली की सरळ रेघ येतेच.

‘जॉइडेस रेझोल्यूशन’ २०२२ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्येही जाऊन आलं. १९६८ च्या बोअरांच्याच टापूत, पन्नासहून जास्त वर्षांनी, ७० लाख ते ६ कोटी १० लाख वर्षं वयाच्या तळावर पुन्हा बोअर मारल्या. त्यानंतर दोन वर्षांत, २०२४ मध्ये, पैसे थांबले आणि जहाजाचं वेधनाचं काम बंद झालं.

वाचायचं असेल तर श्यूंचं पुस्तक आधी घ्या, निबंध नंतर. निबंधात तक्त्यापाशी थांबा आणि शेवटची ओळ बघा, २१ क्रमांकाची. माथ्यापासून १,६८६ किलोमीटर. चुंबकीय वयाचा रकाना रिकामा. ही बोअर बेसाल्टपर्यंत पोचलीच नाही. त्यामुळे जीवाश्मांच्या वयाच्या रकान्यात ७ कोटी ६० लाख आहे, आणि त्याच्या आधी ‘>’ ही खूण.